फिल्म प्रिंटरची बेसलाइन बसवताना

सीटी, एमआर (एमआरआय) वगैरेच्या फिल्म छापणारा नवीन ड्राय लेझर प्रिंटर बसवून झाला, इंजिनिअरने त्याच्या आतल्याच मेमरीतला एक टेस्ट पॅटर्न छापला, व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे फिल्म बघायच्या उजेडाच्या पेटीवर, लावला, "बघा, एकदम मस्त आलाय" म्हणाला आणि सहीसाठी कागद पुढे केला. मस्त आलाय हे खरंच होतं, नवीन प्रिंटरवरची पहिली फिल्म मस्तच येते. पण मस्त म्हणजे किती मस्त आणि सहा महिन्यांनी ती तेवढीच मस्त आहे की नाही हे कशावरून ठरवायचं, हा प्रश्न तेव्हा खोलीत माझ्याशिवाय कोणालाच पडला नव्हता आणि मलाही तो पडला कारण क्यूसीचं, म्हणजे दर्जा तपासणीचं, रजिस्टर माझ्या गळ्यात होतं. जुन्या प्रिंटरचे आकडे त्या रजिस्टरमध्ये होते, पण ते जुन्या प्रिंटरचे. दुसरं मशीन, दुसरी फिल्म, दुसरा टोन कर्व्ह (कोणत्या आकड्याला किती काळं छापायचं त्याचा हिशोब), त्यामुळे ते आकडे पुढे ओढण्यात काही अर्थ नव्हता. सगळं पहिल्यापासून.

ज्यांना हे काम कधी करावं लागलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रिंटर एका दिवसात बिघडत नाही, तो हळूहळू सरकतो. आज जरा गडद, पुढच्या महिन्यात अजून जरा गडद, आणि रोज त्याच फिल्म बघणाऱ्या आपल्या डोळ्याला ते कळतच नाही, डोळा ॲडजस्ट होऊन जातो. म्हणून ठराविक पॅटर्न छापायचा, त्यातल्या ठराविक चौकोनांची ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे फिल्म किती काळी आहे ते, डेन्सिटोमीटर नावाच्या यंत्राने मोजायची आणि आधी ठरवलेल्या आकड्याशी ताडून बघायची. तो आधी ठरवलेला आकडा म्हणजे बेसलाइन. डेन्सिटी हा लॉगचा हिशोब आहे, डेन्सिटी १ म्हणजे फिल्ममधून १० टक्के प्रकाश पार जातो, २ म्हणजे १ टक्का, ३ म्हणजे ०.१ टक्का. त्यामुळे आकडा किरकोळ वाटला तरी फरक किरकोळ नसतो. डेन्सिटी ०.१५ ने वाढली की पार येणारा प्रकाश जवळजवळ २९ टक्क्यांनी कमी होतो, आणि ०.३ ने वाढली की सरळ निम्मा. हे एकदा डोक्यात बसलं की "पॉइंट एकच्या पुढे फरक आहे, जाऊ दे ना" असं कोणी म्हटलं की अंगावर येतं.

आमच्या फिजिसिस्ट मॅडमना फोन केला तर त्यांनी पहिलंच वाक्य सांगितलं की आज काही मोजू नकोस. मला वाटलं होतं की आजच्या आज पाच फिल्म काढू, सरासरी करू, झालं काम. त्या म्हणाल्या, बेसलाइन म्हणजे मशीन आज जसं आहे तसा आकडा लिहून ठेवणं नाही, मशीन बरोबर चालतंय याची खात्री झाल्यावरचा आकडा लिहायचा. आधी बरोबर कर, मग गोठव. चुकीच्या अवस्थेत बेसलाइन घेतलीस तर पुढची कित्येक वर्षं तू ती चूक मोठ्या इमानदारीने जपत बसशील. पुढचा सगळा अनुभव या एका वाक्याभोवतीच फिरला, कारण मोजायला फारसा वेळ लागलाच नाही, वेळ सगळा गेला तो आधी बरोबर करण्यात.

पहिलं काम डेन्सिटोमीटरचं. आमचा डेन्सिटोमीटर कपाटात पडून होता, अधूनमधून वापरात, आणि त्याच्यासोबत येणारी कॅलिब्रेशनची पट्टी, म्हणजे ज्ञात डेन्सिटीच्या पायऱ्या असलेली ती छोटी फिल्म, कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. ती सापडली एका जुन्या पाकिटात, वर बोटांचे ठसे. ठसे असलेली पट्टी वापरून कॅलिब्रेशन करणं म्हणजे ठशांचीच डेन्सिटी मोजणं, म्हणून ती नीट पुसली, ओरखडे नाहीत ना बघितलं, पट्टीवर छापलेले आकडे आणि मशीनचे आकडे जुळवले. फिल्म न ठेवता शून्य येतंय का, मग कमी डेन्सिटीच्या पायरीवर, मग मधल्या, मग ३ च्या आसपासच्या. वरच्या टोकाला बऱ्याच डेन्सिटोमीटरची गंमत होते, तिथे प्रकाशच इतका कमी उरतो की आतल्या दिव्यात किंवा सेन्सरमध्ये थोडी गडबड असली तरी पहिल्यांदा तिथेच दिसते. आमचा बरा निघाला. त्याच्या काचेवरची धूळ पुसली, ज्यातून प्रकाश मोजला जातो ते छिद्र कोणतं लावलंय ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं, कारण पुढे कोणी दुसरं छिद्र लावलं तर लहान चौकोनात रीडिंग कडेला घासायला लागतं.

आता कोणी म्हणेल की प्रिंटरच्या आतच डेन्सिटोमीटर असतो, तो स्वतः कॅलिब्रेट करतो, फिल्मच्या प्रत्येक नवीन कार्ट्रिजला पायऱ्या असलेली फिल्म छापून स्वतःच वाचतो आणि स्वतःला दुरुस्त करतो, मग बाहेरचा कशाला. इंजिनिअरचंही हेच म्हणणं होतं. पण तो आतला डेन्सिटोमीटरच सरकला तर? प्रिंटर मग चुकीच्या आकड्याकडे स्वतःला मोठ्या आत्मविश्वासाने दुरुस्त करत राहील आणि स्क्रीनवर कॅलिब्रेशन यशस्वी असंच दाखवेल. स्वतःचा पेपर स्वतःच तपासणाऱ्या पोराला नापास झालेलं कोणी बघितलंय का? म्हणून बाहेरचा, वेगळा डेन्सिटोमीटर हवाच, आणि तोच एक, रोज बदलून नाही. दोन डेन्सिटोमीटरमध्ये शंभराव्या हिश्शात फरक असतोच, बेसलाइन एकावर घेऊन रोजचं रीडिंग दुसऱ्यावर घेतलं की तो फरक प्रिंटरच्या नावावर चढतो.

दुसरं काम फिल्मचं. एकाच लॉटची, म्हणजे उत्पादनाच्या एकाच खेपेची, पुरेशी फिल्म बाजूला काढून ठेवली, लॉट नंबर आणि एक्स्पायरी रजिस्टरमध्ये. ड्राय फिल्ममध्ये डेव्हलपर, फिक्सर वगैरे काही नसतं, सिल्व्हर असलेला थर आधी लेझरने एक्स्पोज होतो आणि मग १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या ड्रमवरून जाताना उष्णतेने चित्र उमटतं. म्हणजे जुन्या ओल्या प्रोसेसरमध्ये जे लक्ष डेव्हलपरच्या तापमानावर आणि केमिकलच्या ताजेपणावर ठेवायचो ते इथे ड्रमच्या तापमानावर आणि फिल्म त्याच्यावर किती वेळ राहते त्यावर. मशीन नुकतं चालू केलं असेल तर ड्रम तयार असल्याचा दिवा लागला तरी मी थोडं थांबतो, एकदोन फालतू फिल्म जाऊ देतो आणि मग टेस्टची काढतो. आणि फिल्म बाहेर आली की गरम असतानाच डेन्सिटोमीटरखाली सरकवायची घाई करायची नाही, सपाट पडू द्यायची, गार होऊ द्यायची, आणि दर वेळी साधारण सारखाच वेळ थांबायचं.

मग पॅटर्न. आम्ही एसएमपीटीई या अमेरिकन फिल्म-टीव्ही इंजिनिअरांच्या संस्थेचा पॅटर्न वापरला, १९८० च्या दशकातला आहे पण अजूनही जवळजवळ प्रत्येक स्कॅन मशीनच्या कन्सोलमध्ये सापडतो. राखाडी पार्श्वभूमीवर जाळी, कोपऱ्यात आणि मध्ये बारीक रेषांचे गट, आणि ० टक्क्यापासून १०० टक्क्यांपर्यंत १०-१० च्या पायरीने चौकोन. त्यातले दोन चौकोन सगळ्यात कामाचे. ० टक्क्याच्या काळ्याकुट्ट चौकोनात ५ टक्क्यांचा छोटा चौकोन असतो आणि १०० टक्क्यांच्या पांढऱ्या चौकोनात ९५ टक्क्यांचा. दोन्ही छोटे चौकोन दिसले पाहिजेत, बस्स. मोजायच्या आधी डोळ्याने ही एक गोष्ट बघितली तरी अर्धं निदान होतं. ५ चा दिसत नसेल तर गडद टोकाचा तपशील गेला, ९५ चा दिसत नसेल तर फिकट टोकाचा.

प्रिंटरच्या आतल्या पॅटर्नमध्ये दोन्ही चौकोन स्वच्छ दिसत होते, म्हणूनच तर इंजिनिअर खुश होता. पण पेशंटची इमेज प्रिंटरच्या पोटातून येत नाही ना, ती सीटीच्या कन्सोलवरून नेटवर्कने येते. म्हणून तोच पॅटर्न सीटीच्या कन्सोलवरून पाठवला. विंडो लेव्हल, म्हणजे इमेजमधले कोणते आकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दाखवायचे ते, नीट लावून, हे महत्त्वाचं, ८ बिटचा पॅटर्न असेल तर विंडो २५६ आणि लेव्हल १२८, म्हणजे पूर्ण रेंज छापली जाते. नुसतं डोळ्याला बरं दिसेल असं विंडो लावून छापलं तर तुम्ही प्रिंटर नाही, स्वतःचा मूड मोजताय. तर विंडो बरोबर होतं, आणि फिल्म आली तर ५ टक्क्यांचा चौकोन गायब. पूर्ण गायब, व्ह्यू बॉक्सवर बाकी प्रकाश झाकून बघितलं तरी नाही. ९५ चा मात्र दिसत होता. एमआरच्या कन्सोलवरून पाठवला तर दोन्ही दिसले.

म्हणजे प्रिंटर ठीक आहे आणि सीटी ते प्रिंटर या रस्त्यात काहीतरी होतंय. इथे दोन-तीन माणसांची एकमेकांकडे बोट दाखवायची नेहमीची फेरी झाली. प्रिंटरवाला म्हणे सीटीचा प्रॉब्लेम, सीटीवाला म्हणे आम्ही काहीच बदललं नाही. आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. सीटीवाल्यांनी खरंच काही बदललं नव्हतं आणि तेच दुखणं होतं. जुन्या प्रिंटरच्या वेळी कोणीतरी कधीतरी सीटीच्या प्रिंट सेटिंगमध्ये एक करेक्शन कर्व्ह टाकून ठेवला होता, जुन्या प्रिंटरच्या फिल्म फिक्या यायच्या म्हणून. आता नवीन प्रिंटर स्वतः डायकॉम या मेडिकल इमेजच्या स्टँडर्डच्या पार्ट १४ मधल्या ग्रेस्केल कर्व्हप्रमाणे छापतोय, म्हणजे आकड्यांमधला सारखा फरक डोळ्यालाही साधारण सारखाच वाटावा अशा हिशोबाने, आणि त्याच्या आधी सीटी स्वतःचा कर्व्ह लावून डेटा पाठवतंय. दोन कर्व्ह एकावर एक. गडद टोक चिरडलं गेलं. कन्सोलवरचा कर्व्ह काढून सरळ रेषेवर आणला आणि ५ टक्क्यांचा चौकोन परत आला.

विचार करा, मी पहिल्याच दिवशी मोजून सरासरी काढली असती आणि ती सुद्धा प्रिंटरच्या आतल्या पॅटर्नवर, तर प्रत्येक आठवड्याला रजिस्टर हिरवंगार आणि सीटीच्या प्रत्येक फिल्मवर गडद भागातला तपशील गायब. म्हणून आम्ही ठरवलं की आतल्या पॅटर्नची बेसलाइन वेगळी आणि प्रत्येक मशीनवरून पाठवलेल्या पॅटर्नची वेगळी. काम वाढतं हे खरंय, पण पुढे काही बिघडलं तर कळतं तरी की दोष प्रिंटरमध्ये की रस्त्यात. आतला पॅटर्न जागेवर आणि सीटीचा सरकला तर प्रिंटरच्या इंजिनिअरला बोलवून काय उपयोग.

कर्व्ह काढल्यावर आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांना फिल्म आवडली नाही हे पण सांगायला हवं. वर्षानुवर्षं डोळ्याला सवय झालेला तो जास्तीचा कॉन्ट्रास्ट गेला होता ना. "जरा फ्लॅट वाटतंय रे" म्हणाले. मी वाद घातला नाही, दोन्ही फिल्म शेजारी लावल्या आणि ५ टक्क्यांचा चौकोन दाखवला, मग एकाच पेशंटची फुप्फुसासाठीची लंग विंडो दोन्ही प्रकारे छापून दाखवली. सर थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले की ठीक आहे, पण दोन आठवडे बघून सांगतो. हे मला योग्यच वाटलं. बेसलाइन गोठवायच्या आधी वाचणाऱ्याने होकार द्यायलाच हवा, नंतर त्याने "जरा डार्क करा" म्हटलं आणि कोणीतरी गुपचूप सेटिंग हलवलं की सगळं पाण्यात. तर दोन आठवडे थांबलो, सरांनी हो म्हटलं, मगच पुढे.

अजून एक सेटिंग या दरम्यान सापडलं ज्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही. डायकॉम प्रिंटमध्ये मशीन प्रिंटरला कमाल डेन्सिटी किती हवी ते सांगू शकतं, आणि ती शंभरपटीत लिहितात, म्हणजे ३०० लिहिलं की ३.००. आमच्या एमआरवर ३०० होतं, सीटीवर रकाना रिकामा, म्हणजे प्रिंटरची स्वतःची डीफॉल्ट लागू. तिथेही ३०० लिहून टाकलं. रिकामा रकाना म्हणजे उद्या कोणी प्रिंटरची डीफॉल्ट बदलली तर एका मशीनच्या फिल्म बदलतील, दुसऱ्याच्या नाही, आणि कारण शोधता शोधता केस पांढरे होतील.

एवढं झाल्यावर खरं मोजमाप. पद्धत साधी आहे, सलग पाच दिवस, दिवसाला एक फिल्म, जमेल तितकं एकाच वेळी, त्याच लॉटची, त्याच फॉरमॅटमध्ये, आणि एका फिल्मवर सहा इमेज छापत असाल तर दर वेळी त्याच जागेवरच्या इमेजमधले चौकोन मोजायचे. फिल्मच्या डाव्या कडेला आणि मध्यभागी डेन्सिटीत थोडा फरक असतो, आज वरची मोजली आणि उद्या खालची तर तो फरक आकड्यात शिरतो. चार चौकोन घेतले, ०, १०, ४० आणि ९० टक्के. हेच चार का तर एसीआर म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या एमआरआय क्यूसी मॅन्युअलमध्ये हेच दिलेत आणि त्यांचे आकडेही दिलेत. ० टक्क्याला २.४५, १० ला २.१०, ४० ला १.१५, या तिन्हींना अधिक-उणे ०.१५, आणि ९० ला ०.३० अधिक-उणे ०.०८. ९० ची मर्यादा निम्मी का, तर तिथे मुळात डेन्सिटीच एवढीशी आहे, ०.३० मध्ये ०.१५ इकडेतिकडे म्हणजे निम्मं इकडेतिकडे.

पाचातल्या मधल्याच दिवशी १० टक्क्यांचा आकडा एकदम खाली घसरला, आदल्या दिवसांपेक्षा ०.१ हून जास्त. परत मोजलं, तेच. डेन्सिटोमीटर पट्टीवर तपासला, ठीक. मग प्रिंटरचा लॉग उघडला तर रात्री कार्ट्रिज संपल्यावर रात्रपाळीच्या दादांनी कपाटातून दुसरी लावली होती, दुसऱ्या लॉटची, आणि पहाटे खूप फिल्म असल्यामुळे नवीन कार्ट्रिजची कॅलिब्रेशन फिल्म पुढे ढकलली होती. त्यांचा काहीच दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की बाजूला काढलेली फिल्म कशासाठी आहे, आणि पेशंट थांबवून कोण कॅलिब्रेशन करेल. ते रीडिंग बाद केलं आणि परत पहिल्यापासून पाच दिवस सुरू केले. इथे एक मत आहे माझं, काहींना पटणार नाही. कारण सापडलं म्हणून रीडिंग बाद करता आलं. कारण सापडलं नसतं तर ते सरासरीत ठेवायला लागलं असतं, कितीही विचित्र दिसलं तरी. नुसतं "हे काहीतरी चुकीचं आलंय" म्हणून आकडे गाळायला लागलो की उरतात ते आपल्याला आवडलेले आकडे.

दुसऱ्या फेरीत सगळं शांतपणे पार पडलं. सीटीवरून पाठवलेल्या पॅटर्नचे ४० टक्क्यांचे आकडे आले १.२६, १.२८, १.२५, १.२९, १.२६, सरासरी १.२७. १० टक्क्यांची सरासरी २.२१, ९० ची ०.३३. आणि ० टक्क्याची २.९३. आता मॅन्युअलशी ताडून बघा, तीन चौकोन मर्यादेत बसले, ४० चा आणि १० चा जरा वरच्या कडेला पण बसले, आणि ० चा कुठच्या कुठे बाहेर, २.६० ची वरची मर्यादा आणि आमचं २.९३.

यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. इंजिनिअरचं म्हणणं, कमाल डेन्सिटी २४५ करून टाकू, सगळं मर्यादेत येईल. मॅडमचं म्हणणं वेगळं होतं आणि मला तेच पटलं. ० टक्का म्हणजे प्रिंटर जास्तीत जास्त जेवढं काळं करू शकतो तेवढं, आणि आपणच त्याला ३.०० सांगितलंय तर तो २.४५ कसा देईल. आकडा चुकलेला नाही, आपलं लक्ष्यच वेगळं आहे. शिवाय साधा हिशोब करा, २००० कँडेला प्रति चौरस मीटरच्या व्ह्यू बॉक्सवर डेन्सिटी ३ च्या भागातून फक्त २ कँडेला पार येतात, आणि खोलीतल्या प्रकाशाचं फिल्मवरून होणारं परावर्तन धरलं, डायकॉमच्या उदाहरणात ते १० धरलंय, तर त्या काळ्या भागात डोळ्याला दिसणारा बहुतेक प्रकाश खोलीतलाच असतो. तिथे ०.१ इकडचं तिकडे झालं तरी फिल्म वाचणाऱ्याला कळणार नाही. कळणार आहे ते ४० मध्ये. म्हणून कमाल डेन्सिटी ३.०० च ठेवली, ० ची बेसलाइन २.९३ लिहिली आणि रजिस्टरमध्ये समोर दोन ओळींत कारण लिहिलं, कारण दोन वर्षांनी ऑडिटला येणारा माणूस मॅन्युअल उघडून पहिला हाच प्रश्न विचारणार.

मर्यादा किती ठेवायच्या हाही मुद्दा होताच. बेसलाइन १.२७ आणि त्यावर अधिक ०.१५ म्हणजे १.४२, मॅन्युअलच्या १.३० च्या बरीच पुढे. आमच्या पाच दिवसांत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांच्यात फक्त ०.०४ चा फरक होता, एवढा स्थिर प्रिंटर ०.१५ सरकेपर्यंत वाट बघायची म्हणजे फार उशीर. म्हणून रीडिंग मांडायच्या चार्टवर ०.१० च्या फरकाला पिवळी रेघ, तिथे पोचलं की मशीन साफ करा, कॅलिब्रेट करा, परत छापा, आणि ०.१५ वर लाल रेघ, तिथे ठीक होईपर्यंत त्या प्रिंटरवर पेशंटची फिल्म नाही. ९० टक्क्यांसाठी ०.०५ आणि ०.०८.

मॅमोग्राफीचं इथे थोडक्यात, कारण आमच्याकडे मॅमोची फिल्म याच प्रिंटरवर वेगळ्या ट्रेमधून येते. तिचं सगळं वेगळं, कमाल डेन्सिटी निदान ३.५ लागते, फिल्म वेगळी, व्ह्यू बॉक्स जास्त उजेडाचा, आणि त्यात चौकोन दिसतोय एवढ्यावर भागत नाही, फँटमची, म्हणजे चाचणीच्या ठोकळ्याची, इमेज छापून त्यातले तंतू, ठिपके, गाठी मोजायला लागतात. त्याची बेसलाइन मॅडमनी स्वतः बसून केली, मी फक्त फिल्म उचलून दिल्या.

आकड्यांशिवाय अजून एक गोष्ट पहिल्याच दिवसापासून ठेवायला हवी ती म्हणजे सपाट राखाडी फिल्म. संपूर्ण फिल्म एकाच मध्यम डेन्सिटीची छापायची, मध्यभागी आणि चार कोपऱ्यांत मोजायचं, आणि मग व्ह्यू बॉक्सवर तिरकी धरून पट्टे, ठिपके, ओरखडे शोधायचे. आमच्या नव्याकोऱ्या प्रिंटरवरही एक अगदी फिका ठिपका होता, आणि थोड्या अंतराने परत तोच, परत तोच. असं ठराविक अंतराने काही परत परत दिसलं तर ते रोलरचं काम. अंतर मोजायचं आणि ३.१४ ने भागायचं, रोलरचा व्यास येतो. साधारण ७८ मिलिमीटरवर ठिपका येत होता, म्हणजे २५ मिलिमीटरचा रोलर, आणि त्या मापाचा रोलर आत एकच. इंजिनिअरने उघडला तर पॅकिंगच्या फोमचा कण चिकटलेला. फिल्मच्या प्रवासाच्या दिशेने सरळ लांब रेघ असती तर शोध वेगळीकडे घ्यायला लागला असता, डायरेक्ट थर्मल प्रिंटरमध्ये (लेझरऐवजी तापणाऱ्या प्रिंट हेडने छापणारा) ती बहुतेकदा प्रिंट हेडवर अडकलेल्या धुळीची असते. त्याच बैठकीत पॅटर्नवरच्या जाळीची आडवी-उभी लांबी पट्टीने मोजून घेतली, चौकोन चौकोनच आहे ना, आयत तर नाही झाला.

बरेच जण बेसलाइनची फिल्मच नमुना म्हणून जपून ठेवतात आणि नंतर नवीन फिल्म तिच्याशेजारी लावून बघतात. मी ठेवली आहे, थंड आणि अंधाऱ्या जागी, पण तिच्यावर भरवसा ठेवत नाही. ड्राय फिल्ममध्ये न वापरलेला सिल्व्हरचा भाग धुऊन जात नाही, तिथेच राहतो, उष्णता लागली तर ती आणखी काळवंडते. तापलेल्या गाडीत विसरलेली फिल्म ज्यांनी बघितली आहे त्यांना सांगायला नको. आकडा कागदावर काळवंडत नाही, म्हणून आकडाच खरा.

सगळ्यात जास्त वाद ज्यावर होतो ते म्हणजे बेसलाइन परत कधी बसवायची. माझ्या मते फिल्मचा प्रकार बदलला, लेझर किंवा ड्रम किंवा आतला डेन्सिटोमीटर बदलला, कर्व्ह मुद्दाम आणि सगळ्यांच्या संमतीने बदलला, किंवा हातातला डेन्सिटोमीटर बदलला तर. नवीन लॉट आला तर पूर्ण बेसलाइन नाही, त्याच दिवशी जुन्या आणि नवीन लॉटच्या फिल्म काढून फरक बघायचा, जास्त असेल तर आधी कारण शोधायचं. आणि आकडा रेघेबाहेर गेला म्हणून बेसलाइन हलवायची नाही, कधीच नाही. हे सांगायला लागतं कारण मी अशी रजिस्टरं बघितली आहेत ज्यात दर काही महिन्यांनी बेसलाइन नवीन आणि रीडिंगचे ठिपके कायम मध्यभागी, बघायला फार सुंदर. त्यातला पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवला की कळतं प्रिंटर कुठून कुठे गेलाय.

आमच्या चार्टवर मध्यंतरी ४० टक्क्यांचे ठिपके ओळीने बेसलाइनच्या वरच पडत होते, पिवळ्या रेघेपासून लांब पण सगळे एकाच बाजूला. मर्यादेत होते म्हणून कोणी काही केलं नसतं तरी चाललं असतं, पण योगायोगाने असे ओळीने सात-आठ ठिपके एका बाजूला पडत नाहीत. हवेचा फिल्टर काढून बघितला तर धुळीने गच्च. बदलला, कॅलिब्रेट केलं, पुढचे ठिपके परत दोन्ही बाजूंना पडायला लागले.

अजून सोनोग्राफीचं मशीन राहिलंय. त्याच्या मेमरीत एसएमपीटीई पॅटर्न नाहीच, फक्त इमेजच्या कडेला येणारी राखाडी पट्टी आहे, आणि तिच्या पायऱ्या डेन्सिटोमीटरच्या छिद्रापेक्षा जेमतेम मोठ्या. सध्या एकाच फिल्मवर एकच इमेज छापून पट्टी मोठी करून मोजतोय. पॅटर्नची फाइल बाहेरून त्यात टाकता येते का ते कंपनीला विचारलंय, उत्तर आलं की त्याचीही पाच दिवसांची फेरी सुरू करीन.